खाकीची पहिली परीक्षा

रविवारी दुपारी तीननंतर आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. पोलीस प्रशिक्षण विद्यालयात असलेल्या एका मुलाचा. मुलगा नात्याचा नाही. आमच्या घरामागच्या चाळीत एस.टी.चे एक कंडक्टर राहतात, त्यांचा थोरला. भरतीची तयारी करताना तो पहाटे पाचला मैदानावर यायचा आणि मी सहाला फिरायला जायचो. माझी पहिली फेरी संपेपर्यंत त्याचे सोळाशे मीटर दोनदा धावून झालेले असत. ओळख झाली ती अंकगणितामुळे. ‘काका, तुम्ही बँकेत होतात ना? मग मला चक्रवाढ व्याज शिकवा,’ म्हणाला. चौतीस वर्षे लोकांकडून चक्रवाढ व्याज वसूल करण्यात गेलेल्या माणसाला ते शिकवण्याची संधी प्रथमच मिळत होती. मी आनंदाने शिकवले. पोरगा भरती झाला. पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्या आईने आमच्या उंबऱ्याशीच डोळ्याला पदर लावला होता.

तर मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी त्याने फोनवर विचारले, ‘काका, पेपरात कॉपी करताना सापडलं तर काय होतं?’

‘कुणी केली?’

‘कुणी नाही. सहज विचारलं.’

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ‘सहज विचारलं’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. कर्जाचा हप्ता थकला तर काय होते, हे ज्याने काउंटरवर सहज म्हणून विचारले, त्याचा पुढचा हप्ता हमखास थकलेला मी पाहिला आहे. थोडे खोदून विचारल्यावर त्याने सांगितले. पंधरा दिवसांवर आंतरवर्गाची, म्हणजे कायद्याच्या विषयांची परीक्षा आली होती. बरॅकमध्ये चिठ्ठ्यांची तयारी चालली होती. कुणी म्हणे, मागच्या तुकडीचे प्रश्नच पुन्हा येतात. कुणी म्हणे, आजवर यात नापास झालेला कुणी ऐकला आहे का? कवायतीत कसूर झाली तर उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, पण कागदावरचे कोण बघतो? त्याने विद्यालयाचे नाव सांगितले होते. मी ते येथे देत नाही, कारण प्रश्न एका विद्यालयाचा नाही.

त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. ‘वाईट होतं,’ एवढेच म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. खरेच, काय होते? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय व्हायला हवे?

आधी हे लक्षात घेतले पाहिजे की ही मुले कोणत्या चाळणीतून आलेली असतात. महाराष्ट्रात २०२४ साली पोलीस शिपायांच्या सुमारे साडेसतरा हजार जागा निघाल्या, त्यांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर. पात्रता बारावीची, पण अर्ज करणाऱ्यांत पदवीधर होते, इंजिनियर होते, आणखीही बरेच शिकलेले होते. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक मिळून पन्नास गुण, मग शंभर गुणांची लेखी परीक्षा. पहाटेच्या अंधारात आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी जी पोरे-पोरी आपल्याला दिसतात, त्यांच्या घरातली एकरभर जमीन, आईचे मंगळसूत्र, अकादमीची फी, असे बरेच काही त्या धावण्यात पणाला लागलेले असते.

जेथे एका जागेवर शंभरांचे डोळे असतात, तेथे दलाल येणारच. मुंबईतल्या भरतीच्या लेखी परीक्षेत २०२३ साली कानात बारीक यंत्र बसवून आलेले उमेदवार पकडले गेले. नांदेडमध्ये २०१८ साली तर उत्तरपत्रिका हाताळणाऱ्या खाजगी कंपनीच्याच माणसांवर गुन्हे दाखल झाले. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी २०२४ मध्ये साठ हजारांवर शिपाईपदांसाठी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक उमेदवारांची परीक्षा झाली आणि पेपर फुटल्याच्या तक्रारींमुळे आठवड्याभरात ती रद्द करावी लागली. ऑगस्टमध्ये ती पुन्हा घेतली. या सहा महिन्यांत त्या अठ्ठेचाळीस लाख घरांत काय बोलणी झाली असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नसतो.

यावर सरकारांनी कायदे केले, आणि कडक केले. केंद्राचा सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. गैरप्रकाराला तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड. महाराष्ट्रात परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा एक कायदा १९८२ पासून आहेच. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळात स्पर्धा परीक्षांसाठी वेगळे विधेयक मांडले गेले. राजस्थान, उत्तराखंड आणि उत्तर प्रदेश या राज्यांनी २०२३-२४ मध्ये शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेऊन ठेवली.

पण हे सगळे फाटकाबाहेरचे. केंद्राचा कायदा करताना सरकारने स्पष्टच सांगितले होते की परीक्षार्थी हा या कायद्याचे लक्ष्य नाही; त्याचे काय करायचे ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आपल्या नियमांनुसार ठरवावे. ते योग्यच आहे. फाटकाच्या आत, म्हणजे निवड होऊन प्रशिक्षण सुरू झाल्यावर ज्या परीक्षा होतात, त्यांचा तर या कायद्यात उल्लेखही नाही. तो खात्याच्या शिस्तीचा, घरातला मामला. आणि घरातले मामले आपल्याकडे कसे मिटवले जातात, हे वाचकांना मी सांगायला नको.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये भिंत आहे, असे आपल्याला वाटते. राजस्थानने ती भिंत नसल्याचे दाखवून दिले. तेथे फौजदारांच्या ८५९ जागांसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये परीक्षा झाली. निवड झालेले प्रशिक्षणाला गेले. मार्च २०२४ मध्ये पोलिसांच्याच विशेष पथकाने जयपूरच्या पोलीस अकादमीत जाऊन प्रशिक्षण घेत असलेल्या फौजदारांना ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पेपर आधी मिळाला होता, काहींच्या जागी तर दुसराच कोणी परीक्षेला बसला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसेवा आयोगाच्या एका माजी सदस्यालाच अटक झाली. त्याचा मुलगा आणि मुलगी दोघेही प्रशिक्षणार्थी फौजदार होते. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने सगळी भरतीच रद्द ठरवली, आणि त्यावर अपिले झाली. यात दोन गोष्टी मनाला लागतात. एक, अंगावर खाकी चढवलेल्या, गुन्हा कसा शोधावा याचे धडे घेत असलेल्या मुलांना वर्गातून आरोपी म्हणून नेले गेले. दुसरी, जे खरोखर अभ्यास करून आले होते, तेही त्याच निकालाच्या गाळात रुतले. उशिरा झालेली शिक्षा नेम धरू शकत नाही. ती सरसकट पडते.

आता मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीस वर्षे मी ती कोणाला सांगितली नाही. कादंबरीतही घातली नाही, कारण तेथे मला ती बदलावी लागली असती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी दोन वर्षे बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत होतो. नव्याने लागलेल्या कारकून-रोखपालांचे वर्ग चालत. तीन आठवड्यांचे प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. माझा विषय १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा, म्हणजे आपल्या भाषेत चेक आणि हुंड्यांचा. परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या पॅडखाली मला कागद दिसला. रेखांकित चेकचे प्रकार त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मी कागद ओढला. मुलाने वर पाहिले. बावीस-तेवीस वर्षांचा, वडील नुकतेच गेलेले, धाकट्या दोन बहिणी. हे सारे त्याने पहिल्या आठवड्यात चहाच्या वेळी मला सांगितलेले. मी कागद खिशात घातला, काही बोललो नाही आणि पुढे गेलो. त्याला पन्नासपैकी एक्केचाळीस गुण पडले. गुणपत्रकाखाली मी सही केली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर प्रसन्न होतो. एका गरीब घरातली चूल विझता विझता आपण वाचवली, असे मला वाटत होते.

दीड वर्षाने एका तालुक्याच्या शाखेतून कागद आले. हा मुलगा तेथे टेलर काउंटरवर होता. एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी किराणा दुकानदाराच्या नावे चार हजार आठशे रुपयांचा चेक लिहून त्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या होत्या. दुकानातल्या एका पोऱ्याने तो उचलला, काउंटरवर आणून दिला, आणि आमच्या टेलरने रोख पैसे मोजून दिले. बँकेच्या वाऱ्यालाही न गेलेल्या माणसाला कदाचित यात काय चुकले ते कळणार नाही, म्हणून सांगतो. त्या दोन रेघांचा अर्थ एवढाच असतो की हे पैसे खिडकीवर रोख द्यायचे नाहीत, खात्यातच जमा करायचे. चेक चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागू नये, यासाठीच त्या ओढतात. गुरुजी शाखेत आले तेव्हा ओरडले नाहीत. शाखाधिकाऱ्याने नंतर मला सांगितले, पासबुक टेबलावर ठेवून ते इतकेच म्हणाले, ‘मी रेघा मारल्या होत्या. त्यांचा अर्थ तुमच्या माणसाला माहीत नसेल, तर मी आणखी काय करायला हवं होतं?’

बँकेने त्यांचे पैसे भरून दिले. मुलगा निलंबित झाला. चौकशी अधिकाऱ्याने मला बोलावले आणि ते गुणपत्रक समोर ठेवले. ‘या विषयात याला एक्केचाळीस गुण तुम्ही दिलेत?’ मी म्हणालो, ‘हो.’ ‘म्हणजे याला नियम माहीत होता?’ मी म्हणालो, ‘गुणांवरून तसं दिसतं.’ माझ्या या उत्तराने तो मुलगा अधिकच अडकला. नियम ठाऊक नसणे हा अडाणीपणा ठरला असता. ठाऊक असून पैसे देणे ही गुन्हेगारी हयगय ठरली. दोन वेतनवाढी कायमच्या बंद झाल्या, रक्कम पगारातून वसूल झाली. चौकशीत त्याने माझ्या खिशात गेलेल्या कागदाचे नाव काढले नाही. मीही काढले नाही. यालाच आपल्याकडे चांगुलपणा म्हणतात.

मी त्याची शिक्षा वाचवली नव्हती. फक्त पुढे ढकलली होती, आणि ज्या चक्रवाढ व्याजाचा मी एवढा जाणकार, त्या व्याजासकट ती त्याने भरली. परीक्षेच्या खोलीत त्याची शिक्षा एक विषय पुन्हा देण्याची होती. काउंटरवर ती आयुष्यभराची झाली. शिवाय तिचा पहिला हप्ता भरला तो गुरुजींनी, ज्यांचा या व्यवहारात काडीचाही दोष नव्हता.

चेकवरच्या दोन रेघांची ही कथा. आता पोलीस शिपायाच्या पेपरात काय असते ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. नव्या शिपायाला ते शिकावे लागतात. त्यात एक तरतूद अशी की अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असेल तेव्हाही महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते. झडती घेताना आणि माल जप्त करताना चित्रीकरण करावे लागते. गुन्हा आपल्या हद्दीत घडला नसला तरी फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेबद्दल घालून दिलेले नियम याच घराण्यातले. या सगळ्या, वाचकहो, आपल्या घराच्या उंबऱ्यावर ओढलेल्या रेघा आहेत. रात्री अकरा वाजता दारावर थाप पडली आणि बाहेर उभ्या असलेल्या शिपायाने हा पेपर चिठ्ठीवरून लिहिलेला असला, तर आत उभ्या असलेल्या लेकीसुनेचे रक्षण कोणती रेघ करणार?

आणि ही केवळ अज्ञानाची बाब नाही. शिपाई काय जाणतो याच्याइतकेच, त्याचा शब्द काय किमतीचा आहे हे महत्त्वाचे. पोलिसाने कागदावर लिहिले म्हणजे ते घडले, असे मानून न्यायालयाचा पहिला पाय पुढे पडतो. किती वाजता, कोठे, कोणासमक्ष, किती माल. पंचनामा म्हणजे दुसरे काय? समोर जे दिसले ते, तेवढेच आणि तसेच लिहिणे. ज्याने परीक्षेत स्वतःला न येणारे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली, त्याने खोट्या पंचनाम्याचा पहिला सराव केला. घटनास्थळी न जाता ठाण्यात बसून लिहिलेले पंचनामे, पुन्हा पुन्हा तेच ते सराईत पंच, एकाच साच्यातले जबाब, हे ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आहेत त्यांना नवे नाही. एक गोष्ट तर प्रत्येक नागरिकाने मनात ठेवावी अशी आहे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असे इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवले. दीडशे वर्षांनी आपण नवा कायदा केला आणि ते कलम, क्रमांक बदलून, तसेच ठेवले. पंचविसाचे तेविसावे झाले, एवढेच. म्हणजे पोलिसावर या बाबतीत विश्वास ठेवू नये, हे परक्या आणि आपल्या अशा दोन्ही राज्यकर्त्यांना मान्य झाले. ज्या खात्याची साखच कायद्याने अशी बेताची धरली आहे, त्याने आपल्या पहिल्याच परीक्षेत उसनवारी करावी काय?

हा आपल्याच देशाचा रोग आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत एफबीआयच्या माणसांना तपासाच्या आणि पाळतीच्या नव्या नियमांवर परीक्षा द्यावी लागली होती. पुस्तक उघडून उत्तरे लिहायची मोकळीक होती. अट एवढीच की दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. तरीही काहींनी तयार उत्तरे वापरली, काही एकत्र बसले. २०१० साली त्यांच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी हे अहवालात मांडले. नागरिकाच्या खाजगी आयुष्यात सरकारने किती डोकवावे, याच नियमांची ती परीक्षा होती! पण त्याच देशातली दुसरी गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ आणि १९७२ च्या दोन निकालांमुळे, साक्ष देणाऱ्या पोलिसाच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी माहिती सरकारी वकिलाला आरोपीच्या वकिलापुढे ठेवावी लागते. त्यामुळे ज्याचे खोटे बोलणे एकदा नोंदले गेले, तो पोलीस साक्षीदार म्हणून जवळपास निकामी होतो. अनेक ठिकाणी सरकारी वकील अशांच्या याद्याच ठेवतात. खोटेपणाची किंमत तेथे नीतीच्या पुस्तकात नसते, खटल्याच्या निकालात असते.

मग शिक्षा काय असावी?

मुलाचे वडील एकदा संध्याकाळी ड्यूटीवरून आले तेव्हा मी त्यांना आडून विचारले. मुलाच्या फोनचे सांगितले नाही. पोलीस प्रशिक्षणात कुणी कॉपी केली तर काय करावे? ते ताडकन म्हणाले, ‘घरी बसवावं. साहेब, आमच्यात दहा रुपयांचं तिकीट दिलं नाही अन् लाइन चेकिंगला सापडलो तर नोकरीवर येतं. हे तर पोलीस.’ त्यांचे म्हणणे कायद्यालाही धरून आहे. कंडक्टरांच्या अशा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे की रक्कम किती हा प्रश्न गौण. ज्याच्या हाती लोकांचे पैसे विश्वासाने दिले, त्याने विश्वास मोडला हे महत्त्वाचे. मी विचारले, ‘तुमचा मुलगा असला तरी?’ ते थांबले. पिशवीतली पाण्याची बाटली काढून दोन घोट प्याले. ‘माझा असला तरी,’ म्हणाले. आणि मग जाता जाता वळून, ‘पण एकदा विचारून घ्यावं, साहेब.’

मला वाटते, या विषयावरचे सगळे शहाणपण त्या शेवटच्या वाक्यात आहे. विचारून घ्यावे. परिविक्षेवर असलेल्या नोकराला ‘अयोग्य’ म्हणून चार ओळींच्या कागदावर मोकळे करणे सोपे असते. पण गैरवर्तनाचा ठपका मनात ठेवून, चौकशी न करता असे काढले तर ती शिक्षाच ठरते आणि घटनेचे ३११ वे कलम आड येते, हे शमशेरसिंग खटल्यात १९७४ सालीच सांगून झाले आहे. कायद्याची पहिली पायरी चढणाऱ्याला कायदा मोडून हाकलणे शोभत नाही. उलट, आरोप लेखी द्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे, निर्णय कारणांसह लिहावा. त्या मुलाला आणि त्याच्या सबंध तुकडीला चौकशी म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला धडा कोणत्या तासाला मिळणार?

वयाचाही विचार हवाच. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने आपल्यावरचा जुना खटला अर्जात लपवला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला माफ केले आणि न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली, ज्याच्यावर भुकेपायी पाव चोरल्याबद्दल जन्माचा चोर असा शिक्का बसला. कादंबरीकार म्हणून मला त्या निकालाचे प्रेम आहे. बँक अधिकारी म्हणून मात्र मी विचारतो, पाव चोरलेल्याला क्षमा करून माणूस म्हणून उभे करणे वेगळे, आणि तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देणे वेगळे, नाही काय? २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतारसिंग खटल्यात हाच तोल सांभाळला: क्षुल्लक आणि कोवळ्या वयातल्या चुकीकडे काणाडोळा करता येईल, गंभीर बाब लपवली असेल तर नाही.

हा तोल धरून मी माझ्यापुरता एक तक्ता मांडला आहे. चिठ्ठीसह सापडला आणि विचारल्यावर खरे बोलला, त्याला नोकरीवरून काढू नये. त्याचा निकाल रद्द करावा, पुढच्या तुकडीबरोबर सगळे प्रशिक्षण पुन्हा घ्यायला लावावे, सेवाज्येष्ठता त्या तुकडीपासून धरावी आणि नोंद सेवापुस्तकात करावी. पाच वर्षे स्वच्छ गेली तर ती नोंद बढतीच्या आड येऊ नये. जो चौकशीत खोटे बोलला, चिठ्ठी दुसऱ्याची म्हणाला, शेजाऱ्यावर ढकलून मोकळा झाला, त्याला मात्र घरी पाठवावे. कॉपी ही परीक्षेतली लबाडी. चौकशीतले खोटे ही साक्षीतली लबाडी, आणि साक्ष हा त्याचा उद्याचा धंदा आहे. पेपर विकणारा, फोडणारा, मग तो कारकून असो की शिक्षक, त्याची नोकरीही जावी आणि त्याच्यावर खटलाही व्हावा. आणि चौथे कलम, जे आपल्या नियमावल्यांत सहसा नसते: ज्या पर्यवेक्षकाने पाहिले आणि कागद खिशात घातला, त्याच्या गोपनीय अहवालात तसे लिहिले जावे. हे कलम माझ्यावरच घातले आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

जन्मठेपेचे कायदे वाचून ज्यांना हे सौम्य वाटेल, त्यांना बेकारिया या इटालियन विचारवंताची आठवण देतो. शिक्षेची जरब तिच्या क्रौर्यात नसून ती चुकणार नाही या खात्रीत असते, हे त्याने १७६४ साली सांगितले. आपल्याकडे नेमके उलटे आहे. कागदावर तलवार आणि परीक्षेच्या खोलीत पाठ फिरवलेला पर्यवेक्षक. शिक्षा जेवढी भयंकर, तेवढा ती देणाऱ्याचा हात थरथरतो. मग तो देतच नाही. मी दिली नाही, कारण मुलाची नोकरी जाईल असे मला वाटले. विषय पुन्हा देण्याची साधी शिक्षा नियमात असती, तर कदाचित मी तो कागद खिशात घातला नसता.

आणखी एक न्याय्य गोष्ट मुलांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पहाटे उठून दोन-अडीच तास कवायत, मग उन्हाने शिणलेल्या अंगाने पंख्याखाली कायद्याचा तास. डोळे मिटणारच. त्यात कायद्याचे मराठी असे की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरावी. ‘काका, कलम पाठ होतं, पण म्हणजे काय ते कळत नाही,’ असे तो मुलगा मला म्हणाला होता. जे कळत नाही ते पाठ करणे आणि चिठ्ठीवर लिहून नेणे यांत अंतर आहे, पण फार नाही. कलमांचे क्रमांक विचारण्याऐवजी ‘रात्री दहा वाजता अमुक घडले, तू काय करशील?’ असे विचारले, पुस्तक उघडून लिहू दिले, तोंडी परीक्षा घेतली, तर निम्म्या चिठ्ठ्या निरुपयोगी होतील. परीक्षा चिठ्ठीने सुटण्याजोगी काढणे, हा परीक्षकाचाही दोष आहे.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी त्याला बँकेतल्या त्या मुलाची हकिगत सांगितली. सगळी, गुणपत्रकासकट. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मागे कुठेतरी शिट्टी वाजत होती.

‘काका, त्यानं तुमचं नाव का नाही घेतलं?’

‘मी कधी विचारलं नाही.’

‘मग तुम्ही तेव्हा काय करायला पाहिजे होतं?’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तीस वर्षे तयार होते. विचारणारा कोणी भेटला नव्हता. मी म्हणालो, ‘पेपर काढून घ्यायला पाहिजे होता. आणि संध्याकाळी त्याला खोलीवर बोलावून रेघा शिकवायला पाहिजे होत्या.’

तो पुन्हा गप्प झाला. मग म्हणाला, ‘हजेरीला अजून वीस मिनिटं आहेत. ते सूर्यास्ताचं कलम तेवढं समजावता का?’

मी चष्मा लावला आणि पुस्तक उघडले.